पाचवा कुत्राच का असतो?

शाळांना सुट्टी पडली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. थोरलं मूल जबाबदार, मधलं बंडखोर, धाकटं लाडोबा. पुरावा म्हणून लहानपणी वाचलेल्या पुस्तकांतली भावंडं उभी केलेली असतात. बघा, 'फेमस फाइव्ह'मधला ज्युलियन थोरला म्हणून पुढारी, अ‍ॅन धाकटी म्हणून भित्री. खाली 'अगदी आमच्याच घरचं चित्र' म्हणणाऱ्यांची रांग.

ही कल्पना मूळची आल्फ्रेड अ‍ॅडलर या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञाची, साधारण शंभर वर्षांपूर्वीची. २०१५ साली तिची दोनदा झडती झाली. एका अभ्यासात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतली मिळून वीस हजारांवर माणसं होती, दुसऱ्यात अमेरिकेतली पावणेचार लाखांहून जास्त शाळकरी मुलं. जन्मक्रमाचा स्वभावाशी म्हणण्यासारखा संबंध दोन्हींत सापडला नाही. बुद्धिमापन चाचणीत थोरल्यांना किंचित झुकतं माप मिळालं, पण तेही इतकं थोडं की एका घरात बसून ते ओळखू येणार नाही. मग तरीही ती कल्पना आपल्याला का पटते? कारण बारा वर्षांच्या दादाची तुलना आपण आठ वर्षांच्या बहिणीशी करतो. दादा जबाबदार वाटतो तो बारा वर्षांचा असतो म्हणून. ज्येष्ठ मुलाचं लग्न ज्येष्ठ महिन्यात नको म्हणणारे आणि 'मधल्या मुलाचे प्रश्न' या विषयावर फी घेऊन कार्यशाळा भरवणारे, दोघांनाही मी एकाच पंगतीत बसवतो. पहिले निदान पैसे कमी घेतात.

पण या पुस्तकांतल्या टोळ्यांत एक नियमितपणा खरोखरच आहे. तो क्रमात नाही, संख्येत आहे.

लुइसा मे अल्कॉटच्या १८६८ च्या कादंबरीत बहिणी चार. मराठीत शांता शेळक्यांनी तिचं नावच 'चौघीजणी' ठेवलं. आर्थर रॅन्समच्या १९३० च्या पुस्तकात होडी घेऊन बेटावर जाणारी वॉकर भावंडं चार. सी. एस. लुईसच्या १९५० च्या पुस्तकात कपाटातून नार्नियात शिरणारी पीटर, सुझन, एडमंड आणि लूसी, तीही चार. एनिड ब्लायटनच्या १९४२ पासूनच्या 'फेमस फाइव्ह'मध्ये मात्र पाच आहेत ना? आहेत, पण पाचवा टिमी, आणि टिमी कुत्रा आहे. बरं, ई. नेस्बिटने १९०२ साली पाच मुलांची गोष्ट लिहिली. तिथे पाचवं तान्हं बाळ आहे. सगळे त्याला लॅम्ब म्हणतात आणि ते कडेवरून फिरतं. बोलणारी तोंडं मोजलीत तर पुन्हा चारच.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आपोआप जमलेल्या गप्पांच्या घोळक्यांची मोजणी होती. निष्कर्ष असा की एका गप्पेत साधारण चारपर्यंत माणसं टिकतात, त्यापुढे गप्पा फुटतात. यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या मूळ घरी या. आरती आटोपलेली असते, सोप्यावर मोठे काका, आते, आतेचे यजमान आणि पुण्याहून आलेला चुलत भाऊ मोपा विमानतळाच्या रस्त्यावरून बोलत असतात. आतून वहिनी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट घेऊन येते आणि तिथेच टेकते. पाच-दहा मिनिटांत आते आणि वहिनी नेवऱ्यांच्या सारणावर गेलेल्या असतात, पुरुष मोपावरच अडकलेले असतात. कुणी ठरवलेलं नसतं, कुणी रागावलेलंही नसतं. गंमत अशी की दहा मिनिटांपूर्वी याच घरात चाळीस माणसं घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर एका सुरात आरती म्हणत होती आणि तिथे काहीच फुटलं नव्हतं. एकत्र गाण्यात कुणी कुणाला उत्तर द्यायचं नसतं. मर्यादा आहे ती उत्तर-प्रत्युत्तराला.

आता ही मर्यादा येते कुठून? सरळ उत्तर कानाचं. माणसं वाढली की वर्तुळ रुंदावतं, आणि मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलनं उतरते. समोरच्याचं ऐकू येईना की आपण शेजाऱ्याकडे वळतो. हे खरं आहे, पण पुस्तकाच्या पानावर ना वर्तुळ असतं ना गोंगाट. तिथे दहा मुलं बोलू शकतात, सगळ्यांचं स्वच्छ 'ऐकू' येतं. तरी लेखक चारवर थांबतात. म्हणजे कानाच्या मागे आणखी काहीतरी आहे.

जेमी क्रेम्स आणि जेसन विल्क्स या दोन संशोधकांनी २०१९ साली एक गृहीतक मांडलं, आणि मी ते वाचल्यापासून त्याच्या प्रेमात आहे, कारण त्याला सातवीचं गणित पुरतं. घोळक्यात न माणसं असतील तर एकूण जोड्या होतात न × (न − १) ÷ २. तिघांत ३, चौघांत ६, पाचांत १०, सातांत २१. इथवर सगळ्यांना माहीत असतं. आता त्या जोड्यांचे दोन ढीग करा. एका ढिगात मी ज्यांत आहे त्या जोड्या: त्या न − १. दुसऱ्या ढिगात माझ्याविना चाललेल्या जोड्या: उरलेल्या सगळ्या. तिघांत माझ्या २, माझ्याविना १. चौघांत माझ्या ३, माझ्याविना ३. पाचांत माझ्या ४, माझ्याविना ६. सातांत माझ्या ६ आणि माझ्याविना तब्बल १५.

चारवर काटा बरोबर मध्ये उभा आहे. तिथवर गप्पेतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त नात्यांवर माझा थेट हात असतो. मी बोललो तर वारं फिरतं. पाचव्याने पाऊल टाकलं की बहुसंख्य देवघेव माझ्या डोक्यावरून जायला लागते, आणि हे एकट्या माझ्या बाबतीत नाही, बसलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत एकाच वेळी घडतं. मग प्रत्येकाला शेजारच्याशी वेगळ्या गप्पा सुरू करणं परवडतं. क्रेम्स-विल्क्स म्हणतात की माणसाचं मन लहान घोळक्यांत घडलं, म्हणून या उंबरठ्यावर ते कच खातं. 'तीन तिगाडा काम बिगाडा' म्हणून तिसऱ्याला टाळणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. तिघांत काहीही बिघडत नाही. बिघाड पाचला सुरू होतो.

वाचकाची गोष्ट थोडी वेगळी. तो घोळक्याच्या बाहेर बसलेला असतो, म्हणून त्याला सगळ्याच जोड्या सांभाळाव्या लागतात. चौघींच्या सहा. अल्कॉट त्या सहांना वेगवेगळा रंग देते: मेगच्या पंखाखाली एमी, जोच्या पंखाखाली बेथ, आणि जो विरुद्ध एमी हे उघडं युद्ध, इतकं की एमी जोचं हस्तलिखित जाळून टाकते. सहा रंग वाचकाला झेपतात. दहा झेपायला वही लागेल.

जोड्यांनंतर त्रिकोण येतात. इथून पुढे वाट थोडी चढाची आहे, पण कागदावर चार ठिपके काढलेत तर निभावेल. ठिपके म्हणजे मुलं, त्यांना जोडणाऱ्या सहा रेघा म्हणजे नाती. पटत असेल त्या रेघेवर अधिक, भांडण असेल तिच्यावर उणे. कुठलाही त्रिकोण घ्या आणि तिन्ही चिन्हांचा गुणाकार करा. अधिक आला तर त्रिकोण स्वस्थ, उणे आला तर अस्वस्थ. दोन मित्र आणि दोघांचा एक सामाईक वैरी: उणे गुणिले उणे गुणिले अधिक, म्हणजे अधिक. स्वस्थ. माझे दोन मित्र एकमेकांचं तोंड पाहत नाहीत: उणे. माझी झोप उडाली. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी ही कल्पना १९४६ साली मांडली. १९५६ साली कार्टराइट आणि हॅरारी यांनी सिद्ध केलं की सगळ्यांचं सगळ्यांशी नातं असलेल्या गटात प्रत्येक त्रिकोण स्वस्थ असेल, तर तो गट एकसंध तरी असतो, नाहीतर बरोबर दोन तटांत वाटलेला असतो. तिसरा प्रकार संभवतच नाही.

हे नार्नियाच्या चौघांना लावून बघा. लूसी कपाटातल्या जंगलाबद्दल सांगते. एडमंड स्वतः तिथे जाऊन आलेला असतो, तरी ती खोटं बोलते म्हणून सांगतो. एडमंड-लूसी रेघेवर उणे पडलं. चौघांत एकूण त्रिकोण चार, आणि ही रेघ त्यांपैकी दोघांत आहे: एक पीटरचा, एक सुझनचा. दोन्ही अस्वस्थ. म्हणजे पीटर आणि सुझन यांना 'आम्ही दोन्हीकडचे' म्हणून स्वस्थ राहताच येत नाही. वाटा तीनच: लूसी एकटी पडेल, एडमंड एकटा पडेल, किंवा दोघं-दोघं असे दोन तट होतील. आधी लूसी एकटी पडते. मग चौघं मिळून कपाटात शिरतात, पीटर लूसीची माफी मागतो, पुढे दिव्याच्या खांबाची दिशा सांगताना एडमंडची जीभ घसरते, त्याचं बिंग फुटतं आणि बाजू क्षणात उलटते. आता एडमंड एकटा. पुढची अख्खी गोष्ट त्या एकटेपणातून निघते. एका खोट्यावर दोन त्रिकोण डळमळले आणि लेखकाचं काम झालं. पाच मुलं असती तर एकूण दहा त्रिकोणांपैकी तीन डळमळले असते, सात असती तर पस्तिसांपैकी पाच, आणि प्रत्येकाने कुठली बाजू घेतली ते सांगण्यातच प्रकरण संपलं असतं.

ब्लायटनच्या सातांचं काय, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. 'सीक्रेट सेव्हन'ची पहिली कादंबरी १९४९ ची. पीटर, जॅनेट, जॅक, बार्बरा, जॉर्ज, पॅम, कॉलिन. पॅम आणि बार्बरा यांच्यात फरक काय, हे पुस्तक न उघडता सांगणारा वाचक मला अजून भेटायचा आहे. पण ब्लायटनबाई हुशार होत्या. त्यांनी सातांची चक्क समिती केली. बागेतली शेड, परवलीचा शब्द, छातीवर बिल्ला आणि अध्यक्षपदी पीटर. समितीत सगळं बोलणं अध्यक्षामार्फत चालतं, म्हणजे एकवीस रेघांऐवजी सहाच उरतात. चाकाच्या आऱ्यांसारख्या सगळ्या पीटरला जोडलेल्या. तो इतका हुकूमशहा का, याचं उत्तर बऱ्याच अंशी या रेघांत आहे. तो थोरला आहे म्हणून नव्हे. अध्यक्ष मवाळ असता तर शेडमध्ये दोन-तीन वेगळ्या गप्पा सुरू झाल्या असत्या.

रेघांचा असा हिशेब ठेवायला दुसऱ्याच्या मनातलं ओळखावं लागतं. मुलांना ते मुळात कधी कळायला लागतं? १९८३ साली विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मुलगा कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा जिथे चॉकलेट खरोखर आहे तिकडे बोट दाखवतात. चार-पाच वर्षांची मुलं पहिलं कपाट दाखवतात. १९९४ साली दिसलं की घरात भावंडं असतील तर ही समज लवकर येते. मग क्रीट आणि सायप्रस इथल्या मुलांच्या अभ्यासातून १९९६ साली कळलं की सख्खीच भावंडं हवीत असं नाही, रोज भेटणारी मोठी मुलं आणि नातलगही उपयोगी पडतात. गोव्यात हे महत्त्वाचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, गोव्याचा जननदर स्त्रीमागे १.३ होता. चार सख्ख्या भावंडांची गोष्ट इथल्या मुलाला आता नार्नियाइतकीच दूरची. त्याची टोळी वाड्यावरची, शाळेच्या बसमधली आणि चवथीला भेटणाऱ्या चुलत-मावस भावंडांची.

डनबार हे नाव निघालं की कार्यालयीन व्याख्याते लगेच दीडशे हा आकडा काढतात: माणूस दीडशेच नाती सांभाळू शकतो, म्हणून कंपनीत दीडशेच माणसं ठेवा. तो आकडा वानर-माकडांच्या मेंदूच्या मापांवरून बांधलेला अंदाज आहे. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २०२१ साली तीच पद्धत नव्याने वापरून पाहिली, तेव्हा उत्तर दोनपासून पाचशेवीसपर्यंत कुठेही पडू शकतं असं निघालं. इतक्या रुंद जाळ्यात काहीही सापडेल. चारचा आकडा त्यापेक्षा भरवशाचा आहे, कारण तो मेंदूच्या मापावरून काढलेला नाही, बोलणाऱ्या माणसांचे घोळके पाहून मोजलेला आहे.

ब्लायटनची आणखी एक मालिका माझ्या चारला आडवी येते. 'फाइव्ह फाइंड-आउटर्स'मध्ये फॅटी, लॅरी, डेझी, पिप आणि बेट्स अशी पाच बोलणारी मुलं आहेत, वर बस्टर कुत्रा. पण फॅटीला वेषांतराचं वेड. कधी भिकारी, कधी तारवाला पोऱ्या बनून तो बाहेर, आणि उरलेले चौघं एकत्र. नियम वाचवायला मी ओढाताण करतोय असं वाटेल, तर तपासायचा मार्ग सोपा आहे: प्रत्येक प्रसंगात किती तोंडं बोलतात ते मोजायचं. कोणतं पात्र कुणाबरोबर रंगमंचावर येतं याचं जाळं शेक्सपिअरच्या नाटकांसाठी २००३ साली मोजून झालं आहे. आपल्याकडे तर गावोगावच्या जत्रेत मराठी नाटक होतंच. वाड्यावरच्या प्रत्येकाला काम हवं असतं, म्हणून दरबारात पंधरा जण उभे. त्यांतले बोलतात राजा, प्रधान, सेनापती आणि हेर. बाकीचे भाले धरून असतात. दिग्दर्शकाच्या वहीत पानापानावर खुणा करून बघा. पाचव्याच्या तोंडी वाक्य आलं की आधीच्यांपैकी कुणीतरी 'जशी आज्ञा, महाराज' म्हणून विंगेत गेलेला असतो.