चिनी मूर्तीवरचा ठसा : नाव मोठं, पुरावा छोटा

अजिंठा-कान्हेरीच्या लेण्यांत भेटणारा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, चीनमध्ये पुढे स्त्रीरूपात ग्वानयिन झाला. फूच्येन प्रांतातल्या देहुआच्या भट्ट्यांत मिंग काळाच्या (1368-1644) उत्तरार्धात याच ग्वानयिनच्या दुधी पांढऱ्या पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, मूर्ती घडत. तिथला सर्वांत गाजलेला मूर्तिकार म्हणजे ‘हे चाओझोंग’ (‘हे’ हे आडनाव). त्याचा ठसा मूर्तीच्या पाठीवर, कधी चौकोनी तर कधी भोपळ्याच्या आकाराचा. नाव इतकं चाललं की तो गेल्यानंतरही विसाव्या शतकापर्यंत देहुआत तोच ठसा उमटत राहिला. म्हणून हे नाव दिसलं की आधी नक्कल धरावी, मग तपासावं.

तपासायचं कसं? ठसा ओल्या मातीत दाबतात आणि झिलई त्यावर नंतर चढते. ती खाचेत साचते, कडा थोड्या बोथट होतात, एवढं चालतं. पण अक्षरांचे तळच भरून आले असतील, तर तयार मूर्तीवरून साचा काढलेला असण्याची शक्यता मोठी. अशी नक्कल मुळापेक्षा लहानही भरते, कारण पोर्सेलीन वाळताना आणि भाजताना साधारण 10 ते 15 टक्के आकसतं. त्यामुळे संग्रहालयातल्या नमुन्याशी ताडताना मूर्तीच्या उंचीबरोबर ठशाची रुंदीही मोजावी. फोटो समोरून फ्लॅश मारून काढू नये. टॉर्च बाजूला आडवा धरला की रेघा उठून दिसतात. वाचायचं उजव्या ओळीपासून, वरून खाली. उलटा धरलेला चौकोनी ठसा तासन्‌तास शब्दकोशात सापडत नाही, ही नेहमीची फजिती.

पोर्सेलीनचं दुसरं मोठं केंद्र असलेल्या जिंगदेझेनच्या रंगीत मूर्तींवर मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारागिरांची नावं बुडाशी येतात. वेई होंगताई आणि झेंग लोंगशेंग हे त्यांतले ठळक. सम्राटांच्या कारकिर्दीचे सहा अक्षरी ठसे भांड्यांवर जास्त, मूर्तींवर क्वचित; त्यांच्याही नकला शतकानुशतकं होत आल्या.

काळ ठरवायला कारागिराच्या नावापेक्षा रोमन लिपीतला रुक्ष ‘चायना’ शिक्का जास्त उपयोगी. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं बंधनकारक केलं; अंमल 1 मार्च 1891 पासून. शिक्का असला तर वस्तू बहुधा त्यानंतरची. नसला म्हणून ती आधीची ठरत नाही, हे विक्रेते सोयीने विसरतात: स्थानिक बाजारातल्या मालाला हा नियम नव्हता, आणि कागदी लेबलं तर पाण्यात निघून जातात.

अक्षरांची घडणही बोलते. 1956 पासून चीनने सोपी अक्षरं अधिकृत केली. ‘देश’ या अर्थाच्या, चौकटीतल्या अक्षरात पूर्वी 11 रेघा होत्या, आता 8. ‘चीन’ लिहिताना हेच अक्षर दुसरं येतं, त्यामुळे निर्यात मालाच्या बुडावर ते सहज सापडतं. 8 रेघांचं रूप हातलिखाणात आधीही चालत असे, तरी छापील शिक्क्यात ते दिसलं आणि विक्रेता मूर्ती छिंग काळातली (1912 पूर्वीची) म्हणत असेल, तर पाकीट खिशातच ठेवावं. 11 रेघा दिसल्या तरी हुरळू नये. हाँगकाँग-तैवानात जुनी अक्षरं आजही चालतात, आणि नक्कल करणाऱ्यालाही ती येतात.