शस्त्र परवान्याचा अर्ज: आधी कारण लिहा, बंदूक नंतर निवडा

रानातल्या वस्तीवर राहणारा माणूस शस्त्राची चौकशी करायला लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रिव्हॉल्वर घेऊ की दुनळी?’ माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी अर्जातल्या कारणाच्या रकान्याकडे बघा. बहुतेक अर्ज तिथेच अडतात. ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एक शब्द पुरत नाही. वस्ती गावापासून किती लांब आहे, धमकी किंवा चोरी झाली असेल तर तक्रार कधी दिली, रोकड घेऊन कुठून कुठे जावं लागतं, हे तारखांसकट लिहा आणि तक्रारीची प्रत जोडा.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांप्रमाणे अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. मात्र पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कलम १४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, आणि गरीब शेतकऱ्याला हे कुणी सांगतच नाही.

अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा. तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. सोबत चार फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र (एस-३) आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र (एस-२) लागतं. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला एस-१ नमुन्यात असतो. पीकसंरक्षणासाठी मागत असाल तर सातबारा जोडा. हमीपत्रावर नुसती सही करून मोकळे होऊ नका. भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट आधी करून घ्या, काडतुसांना वेगळं कुलूप लावा आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

मग पोलीस पडताळणी होते. ठाण्यातून माणूस येतो, शेजारीपाजारी विचारपूस करतो. अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची आणखी वाट न पाहता निर्णय देण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला आहे, म्हणून पोचपावती जपून ठेवा.

आता निवड. पीकराखणीला ठासणीची बंदूक आणि संरक्षणाला किमान २० इंच लांबीच्या, आतून गुळगुळीत (खाचा नसलेल्या) नळीची बंदूक यांसाठी कलम १३ अर्जदाराच्या बाजूचं आहे. वस्तीवरच्या अडीअडचणीला बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) साधी दुनळी मला सगळ्यात भरवशाची वाटते: भाग कमी, आणि एका नळीचं काडतूस फुसकं निघालं तरी दुसरी नळी हाताशी. जुनी घेताना ती बिजागरीवर उघडून नळ्या उजेडात धरा. आत खड्डे किंवा गंज दिसला तर सोडून द्या. नळीवर काडतुसाची लांबी कोरलेली असते. ६५ मिलिमीटरच्या बंदुकीत ७० चं काडतूस कधीही घालू नका, दाब वाढून नळी फुटू शकते.

पीकसंरक्षणाचा परवाना मिळाला म्हणून रानडुक्कर मारता येत नाही. त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आणि एका माणसाला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. अर्ज नाकारला गेला तर कारणं लेखी मागा आणि ३० दिवसांच्या आत अपील करा.