पाट नको, झोपाळा नको: खुब्याच्या पथ्यांमागची गोष्ट

बडोद्यात कुणाचा खुबा बदलला की भेटायला येणारी मंडळी तीन वेगवेगळ्या काळांतले सल्ले घेऊन येतात. एक काकू बजावतात, महिनाभर पलंग सोडायचा नाही. दुसऱ्यांच्या मेहुण्यांना म्हणे ऑपरेशनच्या संध्याकाळीच चालवलं. दांडिया बाजारातले एखादे आजोबा मालिशवाल्याचा नंबर लिहून देतात. पेशंट बिचारा गोंधळतो. पण यातलं काहीच अगदी हवेतून आलेलं नाही.

मालिशीचं मूळ तर गावातच आहे. जुम्मादादा व्यायाममंदिराचे माणिकराव कसरतीइतकेच हाड बसवण्याच्या विद्येसाठी ओळखले जात. त्यामुळे सांधा म्हटला की जुन्या मराठी घरांना अजूनही आखाडा आठवतो. मुरगळलेल्या पायापुरतं ते ठीक. बदललेल्या खुब्याला चोळण्याचा उपयोग नाही, आणि ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेव्हा आजोबांचा नंबर तूर्त बाजूला ठेवावा.

पलंगाचा सल्ला इंग्लंडहून आला. लँकेशरमधल्या राइटिंग्टन इस्पितळात जॉन चार्नली यांनी आजच्या हिप रिप्लेसमेंटचा पाया घातला. त्याआधी बर्लिनच्या ग्लुक यांनी हस्तिदंत वापरून पाहिलं होतं, बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये हाडाच्या गोल टोकावर काचेची वाटी बसवली होती. काच फुटली. मांडीच्या हाडाचं गोल टोक, म्हणजे बॉल, ज्या वाटीत फिरतं, ती चार्नलींनी १९५८ च्या सुमारास टेफ्लॉनची घेतली. सुरुवातीला पेशंट खूश होते, पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुकटीने आजूबाजूचं हाड खराब केलं आणि सुमारे ३०० जणांच्या सांध्यांचा प्रश्न उभा राहिला. मग एक विक्रेता पॉलिथिलीन या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. चार्नलींना तो आवडला नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी असताना तो यंत्रावर घासायला लावला. झीज नगण्य निघाली. नोव्हेंबर १९६२ पासून ही वाटी माणसांत बसू लागली. क्रेव्हन यांचं नाव फार कमी लोकांना ठाऊक आहे, ते असायला हवं.

चार्नली खुब्यापर्यंत पोहोचण्यासाठी मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापत आणि शेवटी तारेने परत बांधत. तो जुळेपर्यंत पायावर पूर्ण भार टाकायचा नाही, म्हणून पलंग, म्हणून आठवडेच्या आठवडे इस्पितळात मुक्काम. पुढे हाडात पक्कं करायच्या सिमेंटशिवाय बसणारे सांधे आले, तेव्हाही हाड धातूला धरेपर्यंत सहा आठवडे पाय नुसता टेकवा, असं बरेच सर्जन सांगत. काकूंनी ऐकलेला काळ हाच. दुर्दैव असं की ज्या गुठळ्यांची सर्वांत जास्त धास्ती होती, त्या पडून राहिल्यानेच वाढत होत्या.

लवकर उठवण्याचा विचार १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी आतड्यांच्या शस्त्रक्रियेत पुढे नेला आणि तो हाडांकडे पसरला. कमरेत इंजेक्शन देऊन भूल, जखमेभोवतीच वेदनाशामक औषध, नळ्या शक्य तितक्या कमी आणि पायांत जोर परत आला की वॉकर. मेहुण्यांना संध्याकाळी चालवलं ते यामुळे. स्नायू मात्र त्यांच्याच वेळेने भरतात. लंगडणं जायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि वॉकर सुटल्यावर काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची असते, हे घरोघरी उलटं होतं.

राहिला पाट आणि झोपाळा. चार्नलींचा बॉल २२ मिलिमीटरच्या जरा वरचा, मुद्दाम लहान, घर्षण कमी व्हावं म्हणून. लहान बॉल वाटीतून निसटायलाही सोपा. त्यात मागच्या बाजूने ऑपरेशन केलं तर तिथलं आवरण आणि बारके स्नायू कापावे लागतात. मग खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवला आणि पाय आत वळवला की बॉल मागे सटकण्याची भीती. यातून पथ्यं आली: पायावर पाय नको, झोपताना पायांमध्ये उशी, खुबा गुडघ्याच्या खाली जाईल अशी बैठक नको. इंग्रजी घरात एवढ्यासाठी खुर्ची उंच केली की भागतं. आपल्याकडे पाट, खाली बसायचा संडास, देवापुढची मांडी, सगळंच बंद होतं. बडोद्याचा झोपाळा तर सगळ्यांत फसवा: आरामाचा वाटतो, पण बैठक बहुधा खाली, हाताला आधार नाही आणि उठताना मागे सरकतो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आणखी कमी झिजणारं पॉलिथिलीन आलं. वाटी पातळ करता आली, बॉल ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा झाला. मागचं आवरण पुन्हा शिवायची पद्धतही रुळली. पुढच्या बाजूने ऑपरेशन करणारे अनेक सर्जन आता फारच थोडी बंधनं घालतात. म्हणून शेजारच्यांची पथ्यं उचलण्याआधी आपलं ऑपरेशन पुढून झालं की मागून, एवढं विचारून घ्यावं. घरात पडून खुबा मोडलेल्या आजींचा अनेकदा फक्त बॉल बदलतात, वाटी त्यांचीच राहते. त्यांचं गणित आणखी वेगळं.

आपल्याकडे हा विषय नुसता म्हाताऱ्यांचाही नाही. रक्तपुरवठा तुटून बॉल सुकण्याचा आजार, ज्याला सगळे एव्हीएन म्हणतात, तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना गाठतो. स्टिरॉइड आणि दारू ही त्याची ठळक कारणं. एवढ्या तरुण माणसाचा सांधा पुढे कधीतरी पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता मोठी. २०१० मध्ये डीप्यू कंपनीने धातूवर धातू घासणारा आपला एएसआर खुबा जगभरातून परत मागवला, तेव्हा तो बसवलेले पेशंट भारतातही होते, आणि आपल्या आत नेमकं काय बसवलंय हे कागदावर दाखवायची वेळ आली. त्या माहितीचे छोटे स्टिकर ऑपरेशनच्या फाइलमध्ये चिकटवलेले असतात.