डाय सोडायचा विचार करताय? आधी हे वाचा

दर तीन आठवड्यांनी भांगात पांढरी रेघ उमटते आणि आमच्या पार्लरच्या खुर्चीत बसल्या बसल्या एखाद्या काकू विचारतात, "हे अजून किती दिवस करायचं गं?" इतक्या जणींनी विचारलं, की एकदा लिहूनच द्यावं असं वाटलं. आमचं मत आधीच सांगतो. काळे केस जसे तुमचे होते, तसेच पांढरेही तुमचेच. डाय आवडत असेल तर मनापासून लावून देऊ. पण निव्वळ लोक काय म्हणतील म्हणून लावत असाल, तर नका लावू.

केस का पिकतो हे सोलापूरकरांना चटकन कळेल. आपल्या चादरीचं सूत आधी रंगतं, मग मागावर चढतं. केसाचंही तसंच. मुळाशी असलेल्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात आणि केस घडतानाच ते त्यात भरलं जातं. वयानुसार हे काम मंदावतं, थांबतं, आणि केस बिनरंगाचा बाहेर येतो. त्यामुळे पांढरा निघालेला केस कुठल्याही तेलाने काळा होत नाही. एक उपटला की दहा येतात, हेही खरं नाही. पंचविशीच्या आतच भराभर पिकत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण बी12ची कमतरता किंवा थायरॉईडचा त्रास असू शकतो.

खरी कसोटी मधल्या महिन्यांची. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीचे केस पूर्ण आपल्या रंगाचे व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात, बॉयकटला वर्षभरसुद्धा लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका काकूंनी लेकीचं लग्न उरकल्यावर डाय सोडला. चौथ्या महिन्यात भांगापाशी तीन बोटं पांढरं, खाली लालसर काळं. आरशात बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही केस मानेपर्यंत आणले आणि जिथे दोन रंग भिडत होते तिथे बारीक बारीक बटा फिकट केल्या, म्हणजे ती रेघ विरली. पुढच्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत दिसल्या, तेव्हा कानशिलावर चांदी आणि अंबाड्याच्या जागी नुसता अबोलीचा गजरा होता. किती शोभत होत्या!

सगळं डोकं एका दिवसात ब्लीच करून पांढरं करा, असा हट्ट मात्र धरू नका. केस पार खराट्यासारखे होतात, आम्ही ते करत नाही. मेंदी लावत असाल तर आधी सांगा. पांढऱ्यावर मेंदी केशरी चढते आणि धुऊन जात नाही. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात, त्यांच्यावर ब्लीच लावणं धोक्याचं. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांत डायमधलंच पीपीडी हे रसायन असतं. त्याने कपाळाला खाज, पापण्यांना सूज आली असेल तर पुन्हा लावून बघू नका, थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. डाय सुरूच ठेवणाऱ्यांनीही 48 तास आधी कानामागे थोडा लावून पाहावा.

पांढरे केस कोरडे आणि राठ लागतात, कारण वयाबरोबर टाळूचं तेल कमी होतं. आपल्याकडचं ऊन आणि बोअरचं जड पाणी यांनी ते पिवळटही पडतात. केस धुताना शेवटचा तांब्या प्यायच्या पाण्याचा घ्या, उन्हात पदर किंवा स्कार्फ घ्या, आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू लावा. जांभळा रंग पिवळेपणा मारतो. रोज मात्र नको, केसांवर जांभळट झाक येते.

पहिल्या भेटीला भांग झाकून येऊ नका. केस धुऊन, तेल न लावता या आणि शेवटचा डाय कधी लावला ते आठवून ठेवा. त्या दिवशी आम्ही कात्री हातात घेत नाही, फक्त केस बघतो आणि किती महिने लागतील ते सांगतो.