ओढ्यातली स्टुडबेकर

२९ मे १९७१, शनिवार. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात शाळेचं वर्ष संपत आलं होतं. व्हर्मिलियनच्या शाळेतल्या सतरा वर्षांच्या दोन मैत्रिणी संध्याकाळी एकीच्या आजीला इस्पितळात भेटून आल्या आणि आजोबांची १९६० सालची स्टुडबेकर लार्क मोटार घेऊन पार्टीला निघाल्या. पार्टी होती गावाबाहेर, खडीच्या खाणीवर. वर्गातल्या मुलांची गाडी पुढे आणि या दोघी मागे. पुढच्या मुलांचं वळण चुकलं. त्यांनी गाडी फिरवली, तर मागचे दिवे कुठेच दिसेनात. मुली नाहीत, गाडीही नाही.

कोवळ्या वयाचं मूल असं नाहीसं झालं की गावाचं मन दोनच शक्यता धरतं: एक तर पळून गेलं, नाही तर कुणीतरी पळवलं. इथेही तेच झालं. २००४ साली जुन्या प्रकरणांसाठी नेमलेल्या पथकाने तपास पुन्हा सुरू केला आणि त्या भागातल्या एका कुटुंबाची शेतजमीन खणून काढली. त्या घरातला एक माणूस दुसऱ्या गुन्ह्यासाठी आधीच तुरुंगात होता. २००७ मध्ये त्याच्यावर या मुलींच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. पुरावा म्हणजे त्याच्या कबुलीजबाबाची ध्वनिफीत, तीही तुरुंगातल्या एका कैद्याने आणून दिलेली. ती बनावट निघाली आणि २००८ मध्ये आरोप मागे घ्यावे लागले.

मग आला सप्टेंबर २०१३. आधी मोठे पूर येऊन गेले होते, त्यामागून दुष्काळ. ब्रूल क्रीक नावाच्या ओढ्याचं पाणी खाली गेलं आणि एका पुलाजवळ चिखलातून वर आलेली चाकं लोकांना दिसली. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, तसंच. गाडी उलटी पडली होती, आत दोघींची हाडं होती. जागा खाणीपासून अगदी जवळची. गाडीची किल्ली चालू स्थितीत होती, गिअर तिसरा होता आणि हेडलाइटचं बटण चालू होतं. मद्य प्यायल्याची एकही खूण सापडली नाही. एप्रिल २०१४ मध्ये अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की हा अपघात होता.

हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विश्वासच बसेना. ओढ्यात पडलेली अख्खी मोटार ४२ वर्षं कुणाला दिसत नाही, हे होतं तरी कसं? पण गाडी पाण्यात पडल्यावर काय होतं ते पाहिलं की पटतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी खऱ्या गाड्या पाण्यात सोडून अनेक प्रयोग केले आहेत. गाडी लगेच बुडत नाही. साधारण अर्धा मिनिट ते दोन मिनिटं ती तरंगते. इंजिन जड असल्यामुळे नाक खाली जातं आणि त्याच वेळी दारांवर बाहेरून पाण्याचा दाब वाढत जातो. दाराचा अर्धा चौरस मीटर भाग पाण्याखाली आणि सरासरी खोली अर्धा मीटर एवढंच धरलं, तरी त्या दारावर अडीचशे किलो वजनाइतका जोर येतो. तेवढा जोर आतून ढकलून कुणाला हटत नाही. गाडी पाण्याने भरेपर्यंत थांबा, मग दार उघडेल, असा एक सल्ला लोकांच्या तोंडी असतो. तो जीवघेणा आहे. पाणी काचेपर्यंत पोहोचण्याआधी पट्टे सोडायचे, काच खाली करायची, आधी मुलांना बाहेर काढायचं आणि मग आपण निघायचं. फोन करायचा तो बाहेर आल्यावर. हा क्रम घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

बुडालेल्या गाडीचा वर मागमूस उरत नाही. वाहतं पाणी गाळ आणून तिच्याभोवती रचतं. गढूळ पाण्यात पाणबुड्यालासुद्धा स्वतःचा तळहात दिसत नाही, कारण प्रकाश गाळाच्या कणांवर विखुरतो. रडारच्या रेडिओलहरी तर पाणी काही अंतरातच गिळून टाकतं. पाण्यात दूरवर जातो तो आवाज, आणि हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे १,४८० मीटर.

ब्रूल क्रीकच्या त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१३ मध्येच, ओक्लाहोमा राज्याचे महामार्ग पोलीस फॉस लेक या धरणाच्या जलाशयावर आवाजाने पाण्याखालचं शोधणाऱ्या नव्या ‘सोनार’ यंत्राचा सराव करत होते. बोटी उतरवायच्या धक्क्यापासून जवळच, जेमतेम १२ फूट पाण्यात, पडद्यावर दोन गाड्यांचे आकार उमटले. चोरून टाकून दिलेल्या असतील, असंच त्यांना वाटलं. वर ओढल्यावर आत हाडं निघाली. एक होती १९६९ सालची कॅमारो. नोव्हेंबर १९७० मध्ये सेअर गावातून बाहेर पडलेली सोळा ते अठरा वर्षांची तीन मुलं त्या गाडीतून गेली होती. शेजारची गाडी त्याहून जुनी, १९६९ मध्ये बेपत्ता झालेल्या तीन मोठ्या माणसांची. दोन वेगवेगळ्या अपघातांतली सहा माणसं चार दशकं एकमेकांशेजारी पडून होती आणि त्यांच्या डोक्यावरून लोक मासेमारीच्या बोटी नेत होते.

त्या यंत्राचं नाव साइड-स्कॅन सोनार. बोटीखालून ते दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या पसरट आवाजाचे ठोके सोडतं. हा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही, कारण त्याची कंपनं सेकंदाला काही लाख असतात. त्यामुळे लहरीची लांबी काही मिलिमीटरवर येते आणि बारीक तपशीलही टिपता येतो. तीस मीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात परत येतो. किती वेळाने आला यावरून अंतर कळतं, किती जोरात आला यावरून पृष्ठभाग कसा आहे ते. मऊ चिखल आवाज शोषतो, पत्रा तो परत फेकतो. बोट पुढे जाते तशी एकेक रेघ जोडली जाऊन तळाचं चित्र तयार होतं.

मला या तंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती सावली. गाडीच्या आडोशाला, पलीकडच्या बाजूला, आवाज पोहोचतच नाही, म्हणून चित्रात तिथे काळा डाग पडतो. वस्तू चिखलाने माखून ओळखू येत नसली, तरी तिची सावली बरेचदा सगळं सांगते: टपाची कमान, खिडकीची चौकट, चाकाचा गोल. सोनार तळापासून किती उंच आहे हे माहीत असलं की सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. शाळेत समरूप त्रिकोण शिकताना खांबाच्या सावलीचं गणित सोडवलं होतं ना, तेच हे.

मासेमारीच्या साध्या सोनारमध्येही ही सोय आल्यावर हौशी पाणबुडे आपली बोट घेऊन जुनी प्रकरणं शोधू लागले. टेनेसी राज्यात एप्रिल २००० मध्ये निघालेली अठरा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा यांची गाडी नोव्हेंबर २०२१ मध्ये काफकिलर नदीत सापडली, ती अशाच एका हौशी पाणबुड्याला.

गाडी सापडली म्हणजे ओळख पटली असं नाही. आत कोण होतं हे हाडांनाच विचारावं लागतं, आणि हाडं कोवळ्या वयाची असली तर ती जास्त नेमकं बोलतात. वाढत्या वयात लांब हाडांची टोकं मधल्या दांड्याला कूर्चेने जोडलेली असतात. पौगंडावस्थेत ती एकेक करून सांधली जातात, कोपरातली लवकर, गुडघा आणि मनगटातली त्यानंतर, आणि कॉलरबोनचं छातीकडचं टोक अगदी शेवटी, विशी उलटल्यावर. कुठला सांधा जुळलाय, कुठला उघडा आहे आणि अक्कलदाढेचं मूळ किती वाढलंय हे पाहून सतरा वर्षांचा सांगाडा तिशीतल्या सांगाड्यापासून वेगळा काढता येतो.

त्यापुढे डीएनए. इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या हाडात पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएचे तुकडे झालेले असतात. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए एकेका पेशीत शेकडो प्रतींमध्ये असतो, त्यामुळे त्यातलं काहीतरी वाचण्याची शक्यता जास्त. तो फक्त आईकडून येतो. म्हणून आई हयात नसली तर सख्ख्या भावंडाचा, मावशीचा किंवा मामाचा नमुना चालतो, आत्याचा आणि काकाचा चालत नाही. आपल्या भाषेत या नात्यांना मुळातच वेगळी नावं आहेत, म्हणून हे मराठीत समजावून सांगणं सोपं जातं. हा डीएनए एका माणसाकडे नव्हे, एका मातृवंशाकडे बोट दाखवतो. त्यामुळे हाडांचं वय, गाडी आणि आतल्या वस्तू हे सगळं त्याच्या जोडीला ठेवूनच निष्कर्ष काढला जातो.

आणि वस्तू टिकतात, कधीकधी आश्चर्य वाटावं इतक्या. गाळाखाली प्राणवायू जवळपास नसतो. कापड आणि कागद कुजवणाऱ्या बहुतेक जीवाणूंचं आणि बुरशीचं तिथे फारसं चालत नाही. नायलॉन, पॉलिएस्टर यांना तर ते सहसा हातच लावत नाहीत. ब्रूल क्रीकच्या गाडीत कपडे होते. एकीची पर्स होती. पर्समध्ये वाहन चालवण्याचा परवाना होता आणि वर्गातल्या मैत्रिणींनी लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या.

दोघींपैकी एकीचे वडील शंभरी ओलांडून जगले. स्टुडबेकरची चाकं दिसली, त्याच्या काही दिवस आधीच ते गेले होते.