हळदीचा डाग आणि साबणाचा फेस

आमटीचा शिंतोडा पांढऱ्या शर्टावर उडतो, आपण घाईघाईने साबण चोळतो आणि पिवळा डाग एकदम लाल होतो. घाबरायचं कारण नसतं. भरपूर पाण्यात खळबळलं की लाली जाते आणि पिवळेपणा परत दिसू लागतो. हळदीतलं कुर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य साबणातली अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा क्षार, लागली की लाल होतं, एवढंच. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच जोरावर. 'सौम्य आणि नैसर्गिक' त्वचानिगेची आज जी चर्चा चालते, तिचं मूळ बरंचसं या डागात सापडतं.

साबण घरात येण्याआधी अंघोळीला काय होतं? तेल आणि पीठ. सुमारे सातव्या शतकातल्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येचा क्रम असा आहे: अभ्यंग म्हणजे अंगाला तेल चोळणं, व्यायाम, उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग घासणं, आणि मग स्नान. कढत पाणी मानेखालीच घ्यावं, डोक्यावरून नको, हेही तिथेच बजावलेलं आहे. चरकसंहितेत वर्ण सुधारणाऱ्या दहा औषधींचा गट आहे. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ येतात. नरक चतुर्दशीच्या उटण्यात आपण वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद घालतो, ते याच घराण्यातलं.

पण उटण्याची खरी करामत सुगंधी मुळ्यांत नाही. ती तेल आधी आणि पीठ नंतर या क्रमात आहे. अंगात जिरलेलं तेल मळ सैल करतं, वरचं जास्तीचं तेल डाळीचं पीठ शोषून घेतं आणि मळ त्याच्याबरोबर निघतो. थोडं तेल मागे राहतं. पहाटेच्या थंडीत अंगाला फुटणारी भेग त्यानेच थांबते. तेल न लावता कोरड्या अंगावर उटणं खसाखसा घासणारे आता पुष्कळ दिसतात. त्यांचं अंग चुरचुरलं तर दोष उटण्याचा नाही. केसांना शिकेकाई होती. तिच्या शेंगांतलं सॅपोनिन फेस करतं, आणि उकळलेलं पाणी किंचित आंबट असतं. रिठ्याचा फेस जास्त, पण डोळ्यात गेला तर काय होतं ते आजीकडून न्हाऊन घेतलेल्या कुणालाही विचारा.

मग साबण आला. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात 'सनलाइट'च्या पेट्या उतरल्या, १८९५ च्या सुमारास 'लाइफबॉय' आला. विलायती साबणात जनावराची चरबी असते, म्हणून अनेक घरांनी तो बाहेरच ठेवला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला, आणि आधी म्हैसूर संस्थानानेही युरोपला जाणारं चंदन युद्धामुळे अडकल्यावर त्याचं तेल काढून साबणाकडे वळवलं होतं. सोवळ्याची अडचण मिटली, स्वदेशीचा अभिमान मिळाला. मात्र त्वचेच्या दृष्टीने फार काही बदललं नाही. तेल चरबीचं असो की नारळाचं, कॉस्टिक सोड्याशी त्याची गाठ घातली की तयार होतो तो साबणच, आणि त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; सात म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर अल्कली) नऊ-दहाच्या घरात जातो.

हे का खुपतं, ते १९२८ मध्ये शाडे आणि मार्खिओनिनी या जर्मन संशोधकांनी दाखवलं. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो. पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. त्यांनी त्याला आम्लाचं आवरण म्हटलं. साबणाने हे आवरण काही काळ विस्कटतं. धडधाकट त्वचा ते काही तासांत सावरते, कोरडी किंवा इसबाची त्वचा सहज सावरत नाही. यावर तोड निघाली ती बागेत नव्हे, प्रयोगशाळेत. साबणच नसलेली, कृत्रिम प्रक्षालकांची (डिटर्जंटची) वडी. 'डव्ह' अमेरिकेत १९५७ मध्ये बाजारात आला तो याच जातीचा. तेव्हा सौम्य आणि नैसर्गिक हे दोन वेगळे शब्द आहेत. जाहिरातवाले ते जोडून लिहितात, आपण तोडून वाचावेत.

आपल्याकडे 'नैसर्गिक' हा शब्द बाजारात रुळवण्यात पेंढरकरांच्या विकोचा मोठा वाटा. १९७५ मध्ये त्यांची हळदीची क्रीम आली. त्याच साली 'फेअर अँड लव्हली'ही आली, हा योगायोग मला मजेशीर वाटतो. विकोची क्रीम औषध की प्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी वाद झाला, कारण दोन्हींवरचा कर वेगळा होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दरम्यान, मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

या विजयानंतर घरगुती ते सगळं निर्धोक, असा एक समज पसरला. तसं नाही. कुंकवाने आणि क्वचित हळदीनेही कपाळावर पुरळ उठतं. लिंबू थेट चेहऱ्यावर चोळून उन्हात गेलं तर काळे डाग राहू शकतात. तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवणं बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात, तरी ते चालूच आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एका वेळी एकच वस्तू आणावी आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. वेष्टनावर 'टॉयलेट सोप' लिहिलंय की 'बेदिंग बार', तेही बघावं. दोन्हींची मानकं निराळी आहेत.

मी घरी आणखी एक करते. टिपकागदावर हळदीचं पाणी वाळवून त्याच्या पट्ट्या कापून ठेवते. परवा कडुनिंब-तुळशीचं चित्र असलेली हिरवी वडी ओली करून पट्टीवर टेकवली. पट्टी लागलीच विटकरी झाली. शेजारी शिकेकाईचं पाणी टाकलेली पट्टी पिवळीच होती.