एलिझाबेथकालीन नाट्यगृहे

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ (कार. १५५८–१६०३) हिच्या काळात लंडन शहराच्या हद्दीबाहेर उभारलेली, व्यावसायिक नाटकमंडळ्यांची खुली नाट्यगृहे. लंडनचा व्यापारी जॉन ब्रेन याचे रेड लायन (१५६७) हे सर्वांत जुने ज्ञात असले, तरी ते फार टिकले नाही. नट जेम्स बर्बेजने ब्रेनच्याच भागीदारीत लंडनच्या वेशीबाहेरील शोअरडिच येथे बांधलेल्या ‘द थिएटर’पासून (१५७६) परंपरेचा आरंभ मानणे अधिक योग्य. पुढे कर्टन (१५७७), रोझ (१५८७), स्वॉन (सु. १५९५), ग्लोब (१५९९) व फॉर्च्यून (१६००) ही झाली. या नाट्यगृहांच्या रचनेचा उगम सरायांच्या चौकांत, की अस्वलांच्या झुंजींच्या रिंगणांत, याविषयी मतभेद आहेत. दोहोंचा प्रभाव संभवतो.

मधोमध उघडे अंगण, त्यात पुढे आलेला रंगमंच आणि भोवती तीन मजली सज्जे, ही रचना सामान्यतः गृहीत धरली जाते. आतील भागाचे एकमेव समकालीन चित्र योहानेस डी विट या डच प्रवाशाने सु. १५९६ मध्ये काढलेले स्वॉनचे असून तेही त्याचा मित्र फान बुखेल याने केलेल्या नकलेतूनच उरले आहे. फॉर्च्यूनच्या बांधकामाचा करार अधिक भरवशाचा. त्यात बाहेरून ८० फूट व आतून ५५ फूट चौरस इमारत आणि ४३ फूट रुंद रंगमंच अशी मापे दिली आहेत. पण अनेक तपशिलांसाठी ‘ग्लोबप्रमाणे’ एवढेच म्हटले आहे, आणि सोबतचा नकाशा हरवला आहे. सर्व नाट्यगृहे गोलाकार होती हा समज फॉर्च्यूनने पूर्वीच खोडला होता. कर्टनही आयताकृती असल्याचे २०१६ मध्ये उत्खननातून स्पष्ट झाले. रोझच्या उत्खननात (१९८९) अंगणाची जमीन रंगमंचाकडे उतरती असल्याचे दिसले. नंतरच्या थरात हेझलनटची टरफले विपुल सापडली. ती प्रेक्षकांच्या खाण्यातली मानली गेली; मात्र राखेबरोबर मिसळलेली ती साबण कारखान्यातील टाकाऊ भर असावी, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

ग्लोब हे ‘द थिएटर’च्या उतरवून नेलेल्या लाकडांतून उभे राहिले. २९ जून १६१३ रोजी प्रयोगात उडवलेल्या तोफेमुळे त्याचे गवती छप्पर पेटले व ते जळाले. पुढील वर्षी ते कौलारू छपरासह पुन्हा बांधले गेले. १६४२ मध्ये पार्लमेंटच्या आदेशाने नाट्यगृहे बंद झाली.

अमेरिकन नट सॅम वानामेकर याच्या ध्यासातून लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावरील बँकसाइड येथे ग्लोबची प्रतिकृती झाली. १९९७ मध्ये ती खुली झाली, पण तोवर तो हयात नव्हता. हिरवे ओक लाकूड, चुन्याचा गिलावा आणि १६६६ च्या महाआगीनंतर लंडनमध्ये प्रथमच परवानगी मिळालेले गवती छप्पर, ही तिची वैशिष्ट्ये. तिला वीस बाजू असून व्यास सु. १०० फूट आहे. मूळ ग्लोबच्या जागेच्या मर्यादित उत्खननाचे अलीकडील वाचन सोळा बाजू व सु. ८५ फूट सुचवते आणि तेच ग्राह्य वाटते. तरीही दिवसाच्या उजेडात, उभ्या प्रेक्षकांच्या गराड्यात ही नाटके कशी चालत, हे कागदावरून न उमगणारे बरेच काही या वास्तूने दाखवून दिले आहे. मेणबत्त्यांच्या उजेडातील बंदिस्त नाट्यगृह तिच्या आवारात २०१४ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत स्टॉन्टन (व्हर्जिनिया) येथे लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स या जुन्या बंदिस्त नाट्यगृहाची प्रतिकृती (२००१) आहे.